पॉलिशच्या कॅनमधला मी

मी एक जुना हायड्रॉक्सिल गट आहे, मित्रांनो. एक ऑक्सिजन, एक हायड्रोजन, एवढाच माझा संसार. कार्बनला चिकटलो की अल्कोहोल होतं. दोन कार्बन असले तर इथेनॉल, एकच असला तर मिथेनॉल. पहिलं उसाच्या मळीतून निघतं, दुसरं निव्वळ जहर! दिसायला मात्र दोन्ही पाण्यासारखी. इथंच माझं नशीब फुटलं.

शहागंजात पुंजाराम लाकडाला पॉलिश करायचे. स्पिरिटमध्ये लाख विरघळवायची आणि कापडाच्या बोळ्यानं घासायची. विरघळवायचं काम माझं. पलंगाच्या फळीत तोंड दिसायचं हो! लोक वाहवा करायचे आणि मी फुलून जायचो. पुंजारामांची एक खोड मात्र वाईट होती. घसा धरला की ते त्यातलंच थोडं स्पिरिट कोमट पाण्यात घ्यायचे.

त्या उन्हाळ्यात त्यांनी लेकीच्या, आशाच्या लग्नाचा पलंग घासायला घेतला. नेहमीचं स्पिरिट मिळेना, म्हणून कुठूनसा बिननावाचा कॅन आणला. त्यात मी एकाच कार्बनवर बसलो होतो, म्हणजे मिथेनॉल.

सोबतचे कारागीर रहीमभाई म्हणाले, "भाऊ, माल नवा हाय. पिऊ नका."

"अरे, लाख बघ कशी विरघळली! असली माल हाय," म्हणत पुंजारामांनी अर्धा पेला भरला.

अहो, लाख तर मी दोन्हीकडे विरघळवतो! थांबा, पाया पडतो, थांबा! पण मला तोंड कुठलं? ते घटाघटा प्यायले.

यकृतानं मला मोडलं आणि माझं आम्ल झालं, मुंगीच्या डंखात असतं तेच. सकाळी पुंजाराम बायकोला म्हणाले, "द्वारके, एवढं धुकं कसं गं पडलं?"

"वैशाखात कसलं धुकं?" म्हणताना द्वारकाबाईंच्या हातातली परात पडली.

दवाखान्यात डॉक्टरांनी शिरेतून इथेनॉल दिलं. यकृत त्याच्या मागं लागलं आणि जहराचं आम्ल होणं थांबलं. तिथंही मीच होतो, जीव तोडून झटत होतो. पुंजाराम वाचले. डोळे मात्र गेले ते गेलेच.

पलंग रहीमभाईंनी पुरा केला. हळदीच्या दिवशी पुंजाराम फळीवर बोटं फिरवत बसले.

"रहीम, तोंड दिसतंय का रे यात?"

"दिसतंय भाऊ. लई साफ."

"मग आशाला इथं उभी कर. अन् सांग मला, हळद लागल्यावर कशी दिसती माझी लेक."



मित्रांनो, हात जोडतो. कॅनवर नाव असो वा नसो, पॉलिशच्या स्पिरिटाचा थेंबही तोंडाला लावू नका, कुणाला लावू देऊ नका.