शंभूची बोट

समद धरणात बुडाला त्या सोमवारपासून आमच्या गावात मोटारबोटीशिवाय दुसरा विषय नव्हता. आमच्याकडं मासे धरणारे सगळे थर्माकोलच्या तराफ्यावर जातात. समदही तसाच गेला जाळी काढायला. वारा सुटला अन् तराफा रिकामाच काठाला लागला. माझा दोस्त, आठवीपर्यंत एका बाकावर बसलेला. त्याला तर पोहता येत होतं, असं मला कुणी सांगू नका. जानेवारीच्या पाण्यात स्वेटर घालून पोहून दाखवा आधी.

मंगळवारी बुडालेल्यांना शोधणारं पथक आलं. त्यांची बोट दोन दिवस भिंतीच्या बाजूला गोल गोल फिरत होती. पंख्यानं खालचं पाणी ढवळतं, अन् गाळात न्हायतर झाडात अडकलेलं प्रेत सुटून वर येतं, अशी ती रीत. समदचा थोरला भाऊ जलील म्हणत होता, जाळी जुनं गाव बुडालंय तिथं लावलेली, तिकडं ढवळा. पण बुधवारी सांजच्याला पथकाला दुसरीकडून बोलावणं आलं. तिकडंही कुणाची तरी आई बसली असंल काठावर, त्यांना काय बोलणार?

समदची आई, अजीजाचाची, काठावर गोधडी टाकून बसली होती. शेजारी माझी आई, गजराबाई. चाचीचं एकच म्हणणं. "जिता न्हाय येणार, कळतंय मला. पण एकदा त्याचं तोंड दाखवा रे. तोंड बघितल्याबिगर मातीत न्हाय जाऊ देणार."

जाणती माणसं तिच्या माघारी हळू आवाजात बोलत. थंडीच्या दिवसात प्रेत आठ-आठ दिवस खालीच राहतं. खाली गारठ्यात तोंड चार-पाच दिवस तरी धड राहतं. आपणहून फुगून वर आलं, तर मग आईला दाखवण्यासारखं काही उरत न्हाय. काढायचं तर शुक्रवारपर्यंत काढा.

म्हणून गुरुवारी पहाटे जलील अन् मी पिकअप घेऊन उजनीच्या फुगवट्यावर गेलो. तिथं पक्षी दाखवायला बोटी चालतात. शंभू नावाच्या माणसाकडं एक जुनी बोट होती, मागं पेट्रोलचं इंजिन टांगलेलं. आम्ही दोन दिवसांसाठी मागितली. शंभूनं कशासाठी ते विचारलं, जलीलनं खरं सांगितलं, अन् शंभूनं हात जोडले.

"भाऊ, तुमच्या दुःखात मी हाय. पण मढं काढलेल्या बोटीत पुन्हा माणसं बसत न्हाईत. भाड्यानं न्हाय देता येणार. न्यायची तर विकतच न्या."

पैसे कसे जमवले ते सोडा. जलीलची मोटारसायकल गेली एवढं सांगतो.

इंजिन बघायचं काम माझं. लोहाऱ्यात माझं गॅरेज हाय. स्प्लेंडर, शाईन, शेतातली डिझेल इंजिनं, सगळं खोलतो. डोळे झाकून आवाजावरनं खराबी सांगतो, असं लोक म्हणतात, अन् लोकांनी तसं म्हणलेलं मला आवडतंही. शंभूनं दोरी ओढली, तिसऱ्या झटक्याला इंजिन लागलं, अन् मागनं निळा धूर निघाला. भकाभका.

"पिस्टनच्या रिंगा गेल्यात," मी म्हणलं. "तेल जाळतंय. किंमत कमी करा."

शंभूला राग आला. "रिंगा कशाच्या गेल्यात, मिस्त्री? ह्याचा धूर असाच असतो. ह्याला पेट्रोलमधीच..."

"मला शिकवू नका हो," मी त्याला मधीच तोडलं. "पंधरा वर्षं हेच करतोय. धूर बघून इंजिनचं वय सांगतो मी."

तीन रात्री डोळ्याला डोळा नव्हता, हे खरं. पण ते कारण न्हाय. माझा स्वभावच तसला. शंभूनं एकदा माझ्याकडं बघितलं, जलीलच्या उतरलेल्या तोंडाकडं बघितलं, अन् किंमत कमी केली. निघताना पिकअपजवळ येऊन पुन्हा म्हणाला, "मिस्त्री, पेट्रोलचं जरा ऐकून जा." मी म्हणलं, "पेट्रोल आमच्याकडंही मिळतं." अन् काच वर केली.

शुक्रवारी सकाळी बोट पाण्यात सोडली. सगळा काठ माणसांनी भरला होता. मी आधी प्लग साफ केला, कार्बोरेटर धुतला. टाकीत शंभूचं थोडं पेट्रोल होतं, त्यावर जुन्या गावापर्यंत गेलो. तिथं टाकी संपत आली तसा जलीलनं आमचा डबा उचलला.

"धना, ह्यात नुसतं पेट्रोलच ना? तो बोटवाला काहीतरी सांगत होता."

"मग काय गोडं तेल ओतू? वत मुकाट."

त्यानं ओतलं. आम्ही गोल फिरायला लागलो. जरा वेळानं बघतो तर धूर गायब. इंजिन कसं स्वच्छ चालायला लागलं. मला एवढा आनंद झाला, की खाली समद हाय हेच मी विसरलो. "बघ जलील! माझा नुसता हात लागला, पळाला का न्हाय धूर?"

मी वेग वाढवला. पाणी गढूळ झालं, बुडबुडे यायला लागले. अन् मग समदचा मफलर वर आला. हिरवा, पांढऱ्या रेघांचा. जलील ओरडला, "इथंच हाय! इथंच हाय धना, अजून एक चक्कर मार!" काठावर चाची उभी राहिलेली मला दिसली.

मी मूठ पिळली. इंजिन कर्रर्र करून ओरडलं अन् खटकन् थांबलं.

दोरी ओढली तर हलेना. दोघांनी मिळून ओढली, दोरी तुटली. इंजिनला हात लावला तर तळहात भाजला. आम्ही वल्ह्यांनी पाणी ढवळलं, जलीलनं बांबू घातला, गळ टाकला. पाणी चाळीस फूट. वारा आम्हाला हळूहळू लांब नेत होता, अन् जलील मफलर छातीशी धरून त्याच जागेकडं बघत होता.

काठावर येऊन मी शंभूला फोन लावला. चांगला शिव्या देणार होतो.

"तेल किती मिसळलं होतं?" त्यानं विचारलं.

"कसलं तेल?"

शंभू म्हणाला, "मिस्त्री, आत्ताच्या मोटारसायकलींसारखं न्हाय, जुनं टू-स्ट्रोक इंजिन ते. पेट्रोलमधीच तेल मिसळावं लागतं, न्हायतर पिस्टन आत चिकटतो. धूर त्या तेलाचाच. दोनदा सांगायला आलो तुम्हाला."

जलील माझ्याशेजारी उभा होता. त्यानं सगळं ऐकलं.

मी रात्रभर इंजिन खोललं. पिस्टन सिलिंडरला असा चिकटला होता, की हातोडीनंही सुटला न्हाय. सामान सोलापूरलाही मिळेना. गावात बोभाटा झाला, की उजनीच्या बोटवाल्यानं भंगार गळ्यात बांधलं. लोक मलाच धीर द्यायचे. मी ऐकून घेतलं.

सोमवारी, आठव्या दिवशी, समद आपणहून वर आला. जलील अन् मी तराफ्यावरनं त्याला आणलं. तोंडाचं मी काही सांगणार न्हाय. जलीलनं डोक्यावरचा रुमाल सोडून त्याला झाकलं अन् घट्ट गाठ मारली. चाची गुडघ्यांवर सरकत आली. "सोड गाठ. मला बघू दे." चार बायकांनी तिला धरलं. मशिदीतली वडीलधारी म्हणाली, मय्यतीला हात लावून अंघोळ घालता येणार न्हाय, गुंडाळल्यावरनंच पाणी ओता. ओतलं. चाचीला पायाचं एक बोट तेवढं दाखवलं. ती त्या बोटाला धरून म्हणत राहिली, "हे कुणाचंही असंल रे, हे कुणाचंही असंल."

तिसऱ्या दिवशी आईला घेऊन मी त्यांच्या घरी गेलो. सांगायचंच ठरवून गेलो होतो, आईची आण. जलील दारात बसला होता. चाची आईच्या खांद्याला टेकून होती. मला बघून तिनं जवळ बोलावलं अन् माझ्या भाजलेल्या तळहातावरनं बोटं फिरवली.

"लई केलंस बेटा. त्याच्या पाठचा भाऊ असता तरी एवढं केलं नसतं." मग तिनं दोन्ही हात वर केले. "पण ज्यानं ते इंजिन बिघडवलं, अल्ला बघतोय. त्याच्याही आईला पोराचं तोंड दिसायचं न्हाय."

"तसंच होऊ दे," माझी आई म्हणाली.

जलीलनं मान वर केली. तो माझ्याकडं बघत राहिला.

आईनं मला कोपरानं ढोसलं. "गप काय बसलास? चाचीला नाव सांग की त्या माणसाचं."

मी म्हणलं, "शंभू."