कोंबड्यांच्या पाण्याची कढई

मित्रांनो, अंगणातल्या कोंबड्या ज्यातून पाणी पितात, ते काय आहे म्हणून कधी वाकून पाहिलंत? एक वर्ष ती मी होते. मी एक जुनी लोखंडी कढई आहे. बूड काळंकुट्ट, एक कान जरा वाकडा. वैशाखरे गावच्या ठकीबाईंनी म्हसाच्या जत्रेत मला टणटण वाजवून निवडलं आणि डोक्यावर पालथी घालून घरी नेलं.

कितीतरी वर्षं मी रानाची चव घेत जगले. टाकळा, कुर्डू, शेवळं, अशा पावसाळी रानभाज्या. शेवळं घशाला खाजतात, म्हणून त्यांत काकडं नावाची आंबट रानफळं घालतात. त्या आंबटाने माझं लोखंड भाजीत उतरायचं नि भाजी काळी पडायची. "काळी भाजी, लाल रगत," ठकीबाई म्हणायच्या. मला कोण अभिमान वाटायचा!

सत्त्याण्णव साली सरिता सून होऊन आली. तिने पहिल्यांदाच शेवळं रांधली, त्या दिवशी कल्याणला स्टीलच्या भांड्यांत रुळलेली नणंद चंद्रकला माहेरी आली होती. ताट बघून म्हणाली, "काय गो वैनी, भाजी करपवलीस का काजळ घातलंस?"

सगळे हसले. सरिता मेल्याहून मेली झाली. आठवड्यात मुरबाडच्या बाजारातून चकचकीत अ‍ॅल्युमिनियमची कढई आली आणि मी कोंबड्यांकडे गेले.

खोटं कशाला बोलू, मी रुसले. पण दुपारी माझ्या पाण्यात आभाळ उतरायचं. ढग सावकाश सरकायचे नि मला वाटायचं, मीच ते मंद आचेवर शिजवते आहे. अशा स्वप्नात वर्ष गेलं. अंगावर गंज चढला.

पुढच्या श्रावणात सरिता पोटुशी होती. हंडा उचलला की तिला अंधारी यायची. नर्सबाई अंगणात बसून म्हणाल्या, "रक्त फार कमी आहे. अशानं बाळंतपण जिवावर बेतेल. गोळ्या चुकवायच्या नाहीत. रोज पालेभाजी, डाळ, नाचणीची भाकरी, वर लिंबू. जेवणावर लगेच चहा नको. आणि भाजी करता कशात?"

"नव्या कढईत. लोखंडी कोंबड्यांना दिली," ठकीबाई म्हणाल्या.

"तरीच कोंबड्या तुमच्या सुनेपेक्षा ठणठणीत दिसतात!"

ठकीबाई हसल्या नाहीत. त्यांनी माझ्यातलं पाणी ओतलं, मला विटेच्या तुकड्याने घासलं, तेल लावलं. "तुला हसले तवा मी गप बसले, सरिता. माझंच चुकलं गो."

मी पुन्हा चुलीवर चढले. सरिता माझ्यातली भाजी खायची, गोळी घ्यायची, नि मी मनोमन भीत राहायचे. पौषात म्हसाची जत्रा भरली, तेव्हा सरिताची लेक मनस्वी जन्मली. दोघी सुखरूप होत्या. ठकीबाई दवाखान्यातून आल्या नि माझ्या वाकड्या कानावर हात ठेवून रडल्या.

बारशाला चंद्रकला आली. सरिताने तिच्या ताटात माठाची काळसर भाजी वाढली. चंद्रकलाने तोंड उघडलं मात्र, सरिता म्हणाली, "करपली नाय, वन्सं. आमची अशीच असते. अजून वाढू?"

मित्रांनो, मला धुतल्यावर कोरडं पुसा, तेलाचं बोट फिरवा, आंबट भाजी माझ्यात ठेवून देऊ नका. आणि कुणाच्या ताटात काळी भाजी दिसली, तर हसण्याआधी एक घास खाऊन बघा.