माझी खालची बाजू

मित्रांनो, मी एक जुनी वेताची खुर्ची आहे. वय सांगत नाही. चारही पाय शाबूत आहेत आणि अजून कुरकुरत नाही, एवढे सांगते. हल्लीच्या पुष्कळ खुर्च्यांबद्दल एवढेही म्हणता येणार नाही.

माझा सांगाडा एका सुताराने केला आणि बैठक वेतकाकांनी विणली. वेतकाका म्हणजे आमचे मालक. त्यांना खरे नावही आहे, पण पन्नास वर्षे वेत विणणाऱ्याचे खरे नाव फक्त पोस्टमनला माहीत असते. मी नवी होते तेव्हा दुकानाच्या दारात असे. गिऱ्हाइके माझ्यावर बसून बघत, "वा!" म्हणत आणि दुसऱ्याच खुर्चीची ऑर्डर देत. मला वाईट वाटले नाही. नमुन्याचे आयुष्य असेच असते.

पुढे प्लॅस्टिकच्या खुर्च्या आल्या. एकीवर एक दहा रचता येतात, ही त्यांची विद्वत्ता. दुकान बंद झाले, मी घरी आले आणि माझी बैठक मधोमध फाटली. काकांनी वर एक फळी टाकली आणि "उद्या बघू" म्हणाले. फळीवर काकूंनी धुतलेल्या कपड्यांचा ढीग ठेवला. तो उद्या अकरा वर्षे लांबला. काकूंनीही विषय फार ताणला नाही. दिवसातून एकदाच काढत.

मग एका दुपारी काकांची पुतणी आली. ती फोनच्या दुकानात काम करते.

"काका, दिवसभर खिडकीत बसून येणारेजाणारे मोजता. त्यापेक्षा 'तारांगणा'वर या की!"

तारांगण म्हणजे फोनमधली एक वस्ती. तिथे आपण लिहायचे, फोटो लावायचे. लोकांना आवडले तर ते तारे देतात आणि तारे साठले की त्यांच्या बदल्यात काहीबाही मिळते. शिवाय प्रत्येकाच्या नावापुढे त्याची पत, म्हणजे लोकांच्या विश्वासाचा आकडा, लिहिलेली असते. नवख्याला पंचवीस.

"तारे मिळवायला काय करायचं?" काकांनी विचारले.

"आधी काहीच नाही. स्वतःची ओळख लिहायची. दुसऱ्याचं वाचायचं, वाचून झाल्यावर दोन शब्द बोलायचे. तारे द्या म्हणून मागत सुटायचं नाही."

"म्हणजे दुकान चालवल्यासारखंच."

"अहो, दुकान बंद पडलंय तुमचं," काकू आतून म्हणाल्या.

काकांनी ओळख लिहिली. सतरा जणांनी "स्वागत आहे" म्हटले. ती सतराही स्वागत करणारी यंत्रे होती, हे काकांना कोण सांगणार? त्यांनी प्रत्येकाला निराळे उत्तर लिहून घरच्यांची खुशाली विचारली. तारा एकच मिळाला. तो पुतणीचा होता.

दुसऱ्या दिवशी घोटाळा झाला. मित्रांनो, काकांच्या धंद्याची एक रीत होती. गिऱ्हाईक आले की त्याच्यापुढे मोठ्या कारखान्याचे चित्रांचे पुस्तक उघडायचे. गिऱ्हाईक एका खुर्चीवर बोट ठेवी, काका तशीच विणून देत. त्या पुस्तकातली प्रत्येक वीण त्यांच्या हातून कितीदा तरी गेली होती. म्हणून त्यांनी पुस्तकातल्या सहा चित्रांचे फोटो काढले, तारांगणावर लावले आणि वर लिहिले, 'आमचे काम'.

अर्ध्या तासात 'राखणदार' नावाच्या सदस्याने त्यावर लाल खूण केली : 'चोरलेली छायाचित्रे.' काकांची पत पंचविसावरून उणे सहावर आली. त्यांच्या लेखनावर पडदा पडला आणि पडद्यावर 'या सदस्यापासून सावध राहा' अशी पाटी लागली.

काकांनी चष्मा पुसून ती पाटी पुन्हा वाचली. मग फोन उलटा करून ठेवला.

"मी कुणाच्या घरचा खिळासुद्धा आणला नाही कधी," ते म्हणाले.

"अहो, तो कोण कुठला! तुम्हाला ओळखतो तरी का?"

"तेच ना. ओळखीचा असता तर भांडलो असतो."

त्या दिवशी ते खिडकीतसुद्धा बसले नाहीत.

संध्याकाळी पुतणी आली. "एवढंच ना? दुसऱ्या नावानं नवीन खातं काढू. पाच मिनिटांचं काम."

"म्हणजे तेव्हा केली नव्हती ती चोरी आता करू?" काका म्हणाले. "नाव हेच राहील. पुसायचं ते इथेच पुसायचं."

त्यांनी राखणदाराला पत्र लिहिले. धंद्याची रीत सांगितली, चूक कबूल केली. उत्तर दोन ओळींचे आले : 'स्वतःचे काम दाखवा. शेजारी आपले नाव आणि तारीख लिहिलेला कागद ठेवा.'

आता आली पंचाईत. काकांचे सगळे काम दुसऱ्यांच्या घरात होते. त्यांनी खोलीभर नजर फिरवली. ती कपड्यांच्या ढिगावर थांबली आणि हळूहळू खाली उतरली. काकू काही न बोलता उठल्या आणि त्यांनी कपडे उचलले. बोलण्यासारखे त्यांच्याकडे पुष्कळ होते, हे मला माहीत आहे.

वेताच्या पट्ट्या बादलीत भिजल्या. जुनी वीण कापून काढली, चौकटीची भोके टोकदार आरीने मोकळी केली. पहिल्या दिवशी उभ्या पट्ट्या, दुसऱ्या दिवशी आडव्या, मग तिरप्या. काकांची बोटे पहिल्या दिवशी अडखळत होती. तिसऱ्या दिवशी ती त्यांना न विचारताच चालू लागली. रोज पुतणी फोटो काढी. मी, काका आणि तारखेचा कागद. तारा एकही नाही, कारण पडद्याआड कोण बघणार? तरी काकांनी एक दिवस चुकवला नाही.

सातव्या दिवशी मी पुरी झाले. राखणदाराचा निरोप आला : 'वरून सगळेच दाखवतात. खालून दाखवा.'

मित्रांनो, काय सांगू! मला उताणे केले. चारही पाय छताकडे. आणि तशा अवस्थेत माझा फोटो तारांगणावर गेला. चांगल्या घरातल्या खुर्चीवर अशी वेळ येऊ नये. पण खरे काम खालीच दिसते, हेही तितकेच खरे. पट्टी संपली की गाठ खालच्या अंगाला मारतात, आणि पुस्तकवाले ती बाजू कधी छापत नाहीत.

दुसऱ्या दिवशी दुपारी फोन वाजला. पुतणीने मोठ्याने वाचले :

"'काका, तुम्ही डावखुरे आहात. रोजच्या फोटोत आरी डाव्या हातात आहे आणि खालच्या गाठीही डावीकडे वळल्या आहेत. काम तुमचंच. खूण काढली आहे. मी दिवसाला शंभर चोर पकडते. त्यात एखादा तुमच्यासारखा निघतो, आणि तो बहुधा न बोलता निघून जातो. तुम्ही थांबलात. मी आधी विचारायला हवं होतं.'"

"बाई आहे होय!" काकू म्हणाल्या. "तरीच चूक कबूल केली."

काकांनी पुतणीकडून फोन घेतला. त्यांनी चष्मा पुसला. या वेळी काच स्वच्छ होती.

पत पुन्हा पंचवीस झाली. तारे चार मिळाले. त्यांतला एक राखणदाराचा होता.

मागच्या आठवड्यात तारांगणावर एक नवी बाई आली. तिने कुठल्याशा मासिकातले केकचे फोटो लावून 'माझे केक' असे लिहिले होते. राखणदार पोचायच्या आत काकांनी तिला लिहिले : 'नमस्कार. हे फोटो मासिकातले दिसतात. ते काढा आणि तुमच्या ओट्यावरचा केक लावा. वाकडा असला तरी चालेल. मीही हेच केले होते, उणे सहापर्यंत जाऊन आलो आहे.'

मित्रांनो, आम्हा खुर्च्यांना उपदेश शोभत नाही. आमचे काम मुकाट्याने भार सोसायचे. तरी एक विनंती करते. तुमच्या वस्तीत कुणी नवखा आला आणि त्याने काही भलतेच केले, तर लाल खूण तुमच्या हातात आहेच, ती कुठे पळून जात नाही. आधी त्याला बसायला सांगा. मग विचारा.