टेबलाखालचा पाय

अंगात कोट, गळ्यात टाय आणि पायात घरातली चप्पल, असं त्या वृत्तनिवेदकाचं वर्षानुवर्षं चाललं होतं. टेबलामागे बसून बातम्या वाचायच्या. कमरेखालचं कुणाला दिसत नसे. आता वाहिनीने टेबलच काढून टाकलं. यापुढे उभं राहून वाचायचं. दुपारी चाचणी होती. संध्याकाळचं मुख्य बातमीपत्र त्याच्याकडे राहणार की नव्या मुलीकडे जाणार, हे त्या चाचणीवर ठरायचं होतं.

सकाळपासून तो आरशासमोर होता. त्याच्याकडे बुटांचा एकच धड जोड, तपकिरी ब्रोग. चवड्यावर नक्षीची बारीक भोकं.

"निळ्या सुटावर छान दिसतायत," बायको म्हणाली.

"फार उठून दिसतायत."

"मग करडा घाल."

करड्यावर ते आणखीच उठून दिसले. क्रीम रंगाच्या पँटवर जमले असते, पण बायकोने विचारलं, "बातम्या वाचायला निघालायस की सहलीला?"

शेवटी निळाच. "आता उभा राहून वाच बघू," ती म्हणाली.

त्याने कालचं बातमीपत्र हातात घेतलं. पुराच्या बातमीपर्यंत ठीक होतं. मग बाजारभावाचे आकडे आले आणि उजवा पाय ठेका धरू लागला.

"हे कधीपासून?"

"काय?"

"पाय बघ तुझा. शिलाई मशीन चालवतोयस जणू!"

त्याने पाय जमिनीत रोवून पुन्हा वाचलं. पाय थांबला, पण आकडा चुकला. त्याने कागद खाली ठेवला.

"काळे हवेत. काळ्यात एवढं दिसणार नाही."

काळे ब्रोग मेहुण्याकडे होते. तो घेऊन आला. "भाऊजी, कोरे आहेत, जपून. तुम्हाला एक नंबर लहान होतील. आणि रविवारी मित्राच्या लग्नाला मला लागणार आहेत."

स्टुडिओची नवी फरशी पांढरीशुभ्र निघाली. तिच्यावर काळे बूट सगळ्यांत जास्त उठून दिसत होते. बदलायला वेळ नव्हता. दिवे लागले.

आकडे आले. टाच उचलली गेली, तसं कडक कातडं करंगळीत रुतलं आणि पाय आपोआप खाली आला. पुन्हा उचलला, पुन्हा रुतलं. तिसऱ्यांदा तो हललाच नाही. कळ दाबत त्याने शेवटपर्यंत वाचलं. एकही आकडा चुकला नाही.

निर्मात्या बाई बाहेर आल्या. "काय गंभीर चेहरा होता आज! टेबलामागे कधी दिसला नाही. संध्याकाळ तुमचीच. आणि बूट हेच ठेवा, या फरशीवर शोभतात."

बाहेर येऊन त्याने नाड्या सोडल्या, बूट काढले आणि बायकोला फोन लावला.

"मिळालं."

"अरे वा! मग आवाज असा रडका का?"

"बूट हेच हवेत म्हणतात. रोज."

"मग दादाचे देऊन टाकू आणि तुझ्या मापाचे नवे घेऊ. त्यात काय?"

त्याने खाली पाहिलं. मोज्यातला पाय गार फरशीवर पुन्हा ठेका धरत होता.

"माझ्या मापाचे नकोत," तो म्हणाला.