तीनशे मोहोरा, चोवीस मंजूर

अमरावतीच्या बायपासवर, मुद्रानंद महाराजांच्या मठापुढे रविवारी सकाळी सातलाच रांग लागली होती. रांगेत कोणी आजारी नव्हतं, कोणाच्या अंगात आलेलं नव्हतं, कोणाला गुप्तधन शोधायचं नव्हतं. उभे होते ते सगळे शिकलेले लोक. नावाआधी ‘डॉक्टर’ लागलेले, कॉलेजात विज्ञान शिकवणारे. प्रत्येकाच्या हातात एकेक जाडजूड फाईल आणि तिच्याभोवती मठातूनच घ्यावं लागणारं पिवळंधमक कापड. फायलीत सरकारकडे संशोधनासाठी अनुदान मागणारा प्रस्ताव.

वर भोंगा ओरडत होता, “गेल्या वर्षी तीनशे मोहोरा! चोवीस प्रस्ताव मंजूर! बोला मुद्रानंद महाराज की...”

“जय!” म्हणून डॉक्टर मंडळींनी हात वर केले.

डॉ. माया तेलगोटेने हात वर केला नाही. अकोल्याच्या एका कॉलेजात ती वनस्पतिशास्त्र शिकवायची. घरात सत्तर वर्षांत कोणी बाबा-बुवाची पायरी चढलं नव्हतं, आणि आज आपण चढतोय याची तिला मनापासून लाज वाटत होती. पण तिच्यापुढे पर्याय नव्हता. प्रस्तावावर संस्थाप्रमुखाची सही लागते, आणि तिचे प्राचार्य खुशालराव गावंडे यांचा नियम होता: आधी फायलीवर मठाची मोहोर, मग सही.

“मॅडम, दोन वर्षांपासून मोहोरेशिवाय आपल्या कॉलेजातून फाईल जात नाही,” ते म्हणाले होते. “कॉलेजच्या नावाचा प्रश्न आहे.”

शुक्रवारी संध्याकाळी पाचला अर्जाची मुदत संपत होती. पहिलं अनुदान मागणाऱ्यांना चाळिशीच्या आत असण्याची अट होती आणि जानेवारीत माया चाळीस पूर्ण करणार होती. म्हणजे ही शेवटची खेप. खेप हुकली, की हिवरखेडच्या शेतावर दोन वर्षं केलेल्या कामाला लावा कुलूप.

तिच्या मागे तिच्याच कॉलेजातले रसायनशास्त्राचे विभागप्रमुख कुंदन ढोरे उभे होते. त्यांच्या फायलीवर मागच्या गुरुवारी मोहोर उठली होती, तरी आज ‘आभाराला’ आले होते.

“तुमी संशय घेऊन राहिल्या मॅडम,” ते कुजबुजले. “मी स्वतः पाह्यलं. ओल्या हाताचा पंजा, रंग नाही, शाई नाही. अन् कापडावर लालभडक देवीची मोहोर!”

“पाण्यात काय असते सर?”

“तीर्थ असते.”

“रसायनशास्त्रात तीर्थाचं सूत्र काय लिहिता?”

कुंदनसर रागावले आणि पुढे बघू लागले.

महाराज चाळिशीचे, गुळगुळीत. पुढ्यात दोन कलश, एक पितळी, एक चांदीचा. मायाची फाईल त्यांनी कपाळाला लावली, डोळे मिटले, आणि अगदी मोबाईल कंपनीच्या माणसासारखं गोड विचारलं, “विषय काय, ताई?”

“कपाशीची गुलाबी बोंडअळी. सीताफळाच्या बियांचा अर्क फवारून बघतेय. आठ पट्टे आहेत. चारवर अर्क, चारवर साधं पाणी.”

“साधं पाणी?” महाराजांनी डोळे उघडले. “चार पट्ट्यांना जेवायला वाढलंस आणि चार उपाशी ठेवलेस? एका आईची लेकरं, ताई! हा दुजाभाव देवीला चालत नाही.” त्यांनी पितळी कलशात पंजा बुडवला आणि कापडावर दाबला. कापड नुसतं ओलं झालं, पिवळ्याचं पिवळंच राहिलं. गर्दीतून ‘अरेरे’ उमटलं. “पाहिलंस? तुझ्या विषयातच कीड आहे. ते उपाशी पट्टे मोडून टाक, सगळ्यांना सारखा अर्क दे, आणि गुरुवारी ये. देवी हसेल.”

त्यापुढच्या माणसाची फाईल आली. महाराजांनी या वेळी चांदीच्या कलशात हात बुडवला. कापडावर पाच बोटं लाल उमटली आणि मंडप दणाणला. मायाच्या मनात कलश बदलल्याची नोंद झाली. पण नुसत्या नोंदीने काही सिद्ध होत नाही, हे ती विद्यार्थ्यांना रोजच सांगायची.

सोमवारी खुशालरावांनी ऐकून घेतलं आणि सुटकेचा श्वास सोडला. “मग सोपं आहे की! द्या ना सगळ्या पट्ट्यांना अर्क. तुमचं काय जातं?”

“सर, माझा प्रयोगच जातो. नुसतं पाणी फवारलेलं पीकच नसलं, तर अर्कानं फरक पडला हे कशावरून म्हणू?”

“ते तुमच्या विज्ञानातलं झालं,” खुशालराव म्हणाले. ते स्वतः भौतिकशास्त्राचे होते.

बुधवारी रजा टाकून माया हिवरखेडला गेली. वडील देवराव पोस्टातून निवृत्त झालेले. त्यांचं तीन एकर काळं रान, त्यातच तिचे आठ पट्टे. पट्ट्यात शेतावर कामाला असलेली म्हातारी तानुबाई बोंडं फोडून बघत होती. अळी निघाली की एका डब्यात खडा टाकायचा, चांगलं निघालं की दुसऱ्यात. दोन हंगाम ती हेच करत होती, आणि तिच्या खड्यांची बेरीज कधी चुकली नव्हती. मायाला तिने लहानपणी खांद्यावर खेळवलं होतं.

“तोंड काहून उतरलं पोरी?”

मायाने बांधावर बसून सगळं सांगितलं. सांगता सांगता डोळ्यात पाणी आलं. “तानुमावशी, चार पट्टे मोडले तर सही मिळते. न मोडले तर दोन वर्षं पाण्यात.”

तानुबाईने तळहातावर तंबाखू घेतली, डबीतून नखाने चुना काढला, चोळला, दाढेखाली ठेवला. मग पदराला हात न पुसता शेजारी पडलेलं मायाच्या फायलीचं ते पिवळं कापड उचललं.

“याच्यावर देवी उठते म्हनते?”

“हो.”

“हे पाय, मह्या हातानं बी उठली.”

मायाने पाहिलं. तानुबाईच्या अंगठ्याखाली कापडावर लाल डाग पडला होता.

“अवं, हळदीचं हाय हे फडकं! हळदीले चुना लागला का लाल होते. हळदीचा डाग सोड्यानं धुतला तरी लाल होते. कोन्या बाईले ठाऊक नाई?” तानुबाई हसली. “तुह्या रांगेत समदे मानसंच असतीन. अन् त्याईचे कपडे दुसरंच कोनी धूत असन.”

मायाला हसू आलं आणि स्वतःची चीडही आली. हळदीचा कागद ती दरवर्षी पहिल्या वर्षाच्या प्रात्यक्षिकात दाखवायची. संशय घेतला, पण घरातली हळद काही आठवली नाही! चुन्याची निवळी दिसायला पाण्यासारखी स्वच्छ. चांदीच्या कलशात ती, पितळीत साधं पाणी. कोणावर देवी हसवायची ते महाराजांच्या हातात.

“पन एक सांग,” तानुबाई म्हणाली. “तीनशे मोहोरा, चोवीस मंजूर म्हनते ना तो भोंगा? मंग बिना मोहोरेवाल्याईतले किती मंजूर झाले? त्याचा साध्या पान्याचा पट्टा कोठी हाय?”

मायाने मोबाईल काढला. योजनेचा मागच्या वर्षीचा अहवाल संकेतस्थळावर उघडा पडलेला होता. शंभर अर्जांमागे आठ मंजूर. आणि तीनशेत चोवीस म्हणजे शंभरात किती? तेच आठ. भोंगा तीन महिने मठाचं पितळ स्वतःच उघडं पाडत होता आणि खाली उभा असलेला एकही डॉक्टर भागाकार करत नव्हता.

गुरुवारी दोघी अमरावतीला गेल्या. खुशालराव कॉलेजच्या पाच फायली घेऊन मंचावर, मानाच्या जागी बसले होते, सर्वांत वर त्यांची स्वतःची. मायाला पाहून त्यांनी विचारलं, “मोडले पट्टे?”

“आधी दर्शन तर होऊ द्या सर.”

तानुबाई पाया पडायला म्हणून वर चढली. म्हातारी बाई, कोणी अडवलं नाही. तिने बाटलीतल्या पाण्यात डबीतला चुना बोटाने कालवला, पंजा ओला केला आणि खुशालरावांच्या फायलीवर दिला दाबून.

पाच बोटं. लालभडक.

मंडपातल्या माना उंचावल्या. पण महाराज कच्च्या गुरूचे चेले नव्हते. ते ताडकन उठले आणि हात जोडून ओरडले, “पाहा! देवी गरिबाघरच्या माउलीत प्रकटली! माझी साक्ष पटवायला आईच धावून आली!”

आणि खरं सांगायचं तर अर्ध्या लोकांनी हात जोडलेही. एका डॉक्टरने तर तानुबाईच्या पायाकडे धाव घेतली.

“अरे हट!” तानुबाईने पाय मागे घेतला. “देवी नाई बापा, चुना हाय! तंबाखूचा!” तिने डबी उंच धरली. दुसरा हात साध्या पाण्याने धुऊन त्याच कापडाच्या कोऱ्या बाजूवर ठेवला. काही उठलं नाही. “हे चुन्याचं पानी, हे साधं. दोन्ही बाजूले दाखोलं. आता महाराज, तुमी त्या पितळीच्या कलशात हात घालून मोहोर उठवून दाखवा.”

“देवीची परीक्षा घेऊ नये!” महाराज गरजले.

“देवीची नाही, पाण्याची घेतेय,” माया म्हणाली आणि खाली पहिल्या रांगेत बसलेल्या कुंदनसरांकडे वळली. “कुंदनसर, चुन्याची निवळी कशी ओळखतात?”

कुंदन ढोरे उभे राहिले. चेहरा त्यांच्या मोहोरेइतकाच लाल झाला होता. ते बाहेरच्या नारळपाण्याच्या गाडीवर गेले, एक नळी आणि प्लास्टिकचा पारदर्शक पेला घेऊन आले. चेले आडवे आले, पण आता खालची मंडळीही उठली होती. कुंदनसरांनी चांदीच्या कलशातलं तीर्थ पेल्यात घेतलं आणि नळीने त्यात फुंकत राहिले. थोड्या वेळात तीर्थ दुधासारखं पांढरं झालं.

“शाळेतला प्रयोग आहे,” ते हळू आवाजात म्हणाले. “मी वीस वर्षं शिकवतोय.” आणि पेला खाली ठेवून त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

“आता भोंग्याचा हिशेब ऐका,” माया म्हणाली. “मोहोरवाले शंभरात आठ मंजूर. देशभरात या मठाचं नावही न ऐकलेले, तेही शंभरात आठच. पाण्याच्या पट्ट्यात आणि अर्काच्या पट्ट्यात सारखीच कीड निघाली, तर त्या अर्काला तुम्ही काय म्हणाल? आपण सगळे अर्जात लिहितो, तुलनेसाठी काय ठेवलं ते. इथे आल्यावर तेवढंच विसरलो. महाराजांना माझे साध्या पाण्याचे पट्टे का नको होते, ते कळलं ना?”

महाराज ‘समाधीची वेळ झाली’ म्हणून मागच्या दाराने गेले. लोक आपापल्या फायलींवरची कापडं सोडू लागले, एकमेकांची नजर चुकवत.

मायाने आपला कागद खुशालरावांपुढे ठेवला. “सर, सही.”

खुशालरावांनी आपल्या फायलीवरच्या तानुबाईच्या पंजाकडे पाहिलं. “चार पट्टे तसेच आहेत ना?” त्यांनी खालच्या आवाजात विचारलं.

“आठही आहेत.”

त्यांनी सही केली. शुक्रवारी दुपारी तीनला अर्ज गेला.

पुढच्या वर्षी कपाशीला बोंडं धरली तेव्हा पत्र आलं. मायाचा प्रस्ताव मंजूर झाला होता. परीक्षकांनी दोन पानं शेरे लिहिले होते. पट्टे आठाचे सोळा करा म्हणून सुचवलं होतं. देवराव तेवढ्यावरच खूष झाले. “सोळा तर सोळा, घे न लेकी,” म्हणाले.

पण गंमत इथे संपली नाही. पत्र आल्याच्या चौथ्या दिवशी हिवरखेडच्या बांधावर एक गाडी थांबली. आतून तीन डॉक्टर उतरले, हातात फायली. पुढचा अदबीने म्हणाला, “मावशी, मॅडमच्या फायलीला मोहोर नव्हती तरी काम झालं. शेवटी तुमच्या हाताचा गुण. जरा आमच्याही फायलीवर हात ठेवता?”

मायाने कपाळावर हात मारला. “अहो, एका मंजुरीनं काही सिद्ध होत नाही! प्रस्ताव का मंजूर झाला ते परीक्षकांनी दोन पानांत लिहून दिलंय, ते तरी वाचा!”

मित्रहो, बाबा पळाला म्हणून बाबाची जागा रिकामी राहत नाही. आपणच दुसऱ्याला हात धरून तिथे बसवतो. कोणी चमत्काराची गोष्ट सांगितली, तर चमत्कार न झालेल्यांची गोष्ट विचारा. किती जणांना लाभलं एवढंच नको, किती जणांतून ते विचारा. पदवी असो नसो, एवढं विचारायला कोणाची सही लागत नाही.

तानुबाईने मात्र तिघांना निरखून पाहिलं आणि प्रत्येकाच्या हातात दोन-दोन डबे दिले.

“हात ठेवतो म्या. पन पयले तुमचे हात लावा. त्या चार ओळीतले बोंडं फोडा अन् खडे टाका. अन् खबरदार, मोजाले चुकसान तर!”

बिचारे डॉक्टर संध्याकाळपर्यंत मोजत होते.