पुसा खुशाल ही फळी

मी एक जुनी फळी आहे, मित्रांनो. सागाची आहे, आंब्याची नव्हे, एवढे आधीच ऐकून ठेवा. सेलूच्या बाजारात ईश्वरअप्पांचे सरकीचे दुकान होते, तिथली मी. सकाळी आम्हा फळ्यांना काढून ठेवत, संध्याकाळी खाचेत ओळीने सरकवत, की झाले दुकान बंद.

दुपारी मात्र मागच्या पडवीत माझा फळा होई. निजामाच्या राज्यात शाळा उर्दूत चाले आणि खासगी वर्गाला परवानगी लागे. दिनकरराव गुरुजींनी ती मागितलीच नव्हती. ईश्वरअप्पांच्या लेकीला, सिद्धम्माला, कविता करायची होती, म्हणून ते तिला वृत्ते शिकवत. लघु अक्षराला चंद्रकोर, गुरू अक्षराला आडवी रेघ. त्या दिवशी प्रमाणिका वृत्त चालले होते. लघु, गुरू, लघु, गुरू, अशी एका ओळीत आठ अक्षरे. खडूने मला गुदगुल्या होत होत्या.

तेवढ्यात अमीन आला, म्हणजे पोलिसांचा साहेब. साल सत्तेचाळीस. त्याला जिकडेतिकडे कट दिसे.

"हे तर तारंचे इशारे हायत! कुणाला खबर धाडायलाव?"

"साहेब, हे वृत्त आहे," गुरुजी म्हणाले.

"वृत्त म्हंजे खबरच की!" तो सिद्धम्मावर खेकसला, "पुसून टाक ही फळी!"

सिद्धम्माने बोटांवर मोजले. "गुरुजी, साहेबाचा हुकूमबी प्रमाणिकेत बसला की हो!"

गुरुजींना हसू आवरले नाही आणि तेच त्यांना भोवले. अमीनाने त्यांना चौकीत डांबले आणि माझ्यावरच्या खुणा कागदावर उतरवून स्टेशनातल्या तारबाबूला दाखवल्या.

"साहेब, तारंच्या भाषंत ह्यात इंग्रजीचं पहिलं अक्षर चारदा हाय," तारबाबू म्हणाला. "कुणीतरी नवीन शिकायलंय."

गुरुजी सुटले, पण वर्ग बंद. पुन्हा भरला तर तुरुंग. मी लाकूड असले तरी संताप मलाही येतो!

चौथ्या दिवशी सिद्धम्मा डांबराचा डबा घेऊन आली. आम्ही फळ्या आठ आणि प्रमाणिकेची अक्षरेही आठ. आमच्या रस्त्याकडच्या अंगावर तिने स्वतःच्या दोन ओळी लिहिल्या, एक वर, एक खाली:

पुसा खुशाल ही फळी
लिहीन मी पुन्हा पुन्हा

माझ्या वाट्याला खालच्या ओळीतला 'मी' आला.

"अप्पा, फळ्या क्रमानंच लावा."

"पोरी, दुकान जाईल गं."

"आन् माझं शिकणं गेलं ते?"

संध्याकाळी ईश्वरअप्पांनी दुकान बंद केले. फळ्या त्यांनी क्रमानेच लावल्या. बाजार थांबून वाचू लागला. अमीनाने काचेने अक्षरे खरवडली, सिद्धम्माने पुन्हा लिहिली. तिसऱ्या खेपेला तो आला तेव्हा हमालसुद्धा टाळ्यांवर त्याच ओळी म्हणत होते. लोकांची तोंडे तो कशाने खरवडणार? काच फेकून तो निघून गेला. दुसऱ्या दिवशी गुरुजी भर दुपारी दुकानापुढच्या ओट्यावर शिकवायला बसले.

मित्रांनो, मला जपा अशी विनवणी मी करणार नाही. फक्त रंधा मारून माझे ओरखडे काढू नका. ते माझे आहेत. आणि तुम्ही लिहिलेले कुणी पुसायला सांगितले, तर आधी त्याच्या हुकमाचे लघु-गुरू मोजा आणि त्याच वृत्तात त्याला उत्तर द्या.