हॉर्नचे चार सूर

अमेरिकेतल्या प्लेनोच्या मराठी मंडळात यंदा गणपतीत मुलांचा ऑर्केस्ट्रा मोझार्टची पहिली सिंफनी वाजवणार, हे मंडळाचा सचिव रवींद्र याने ठरवलं. ‘आठव्या वर्षी रचलेली’ एवढंच त्याला त्यात आवडलं होतं. फ्लायरवर ते मोठ्या अक्षरांत होतं आणि खाली घरं विकणाऱ्या गिरीश या प्रायोजकाचा फोटो.

रवींद्रची मुलगी हिमानी हॉर्न, म्हणजे गोल वळवलेल्या नळीचं पितळी वाद्य, वाजवायची. पहिल्या भागात हॉर्नला नुसता इतरांना आधार द्यायचा असतो. दुसऱ्या, संथ भागात मात्र त्याचे स्वतःचे चार सूर येतात. त्या चार सुरांसाठी पोरगी उन्हाळाभर गराजमध्ये घाम गाळत होती. तिची आई रेणू दाराशी उभी राहून ऐकायची.

पहिला भाग संपला आणि टाळ्या पडल्या. रवींद्र लगेच माइक घेऊन पुढे आला. “आता आपले गिरीशभाऊ दोन शब्द बोलतील.”

रेणू विंगेतून हळूच म्हणाली, “अजून दोन भाग आहेत.”

त्याने माइकवर हात ठेवला. “माहितीय गं. पुढचं स्लो आहे, लोक बोअर होतात. जेवणाचे ट्रे गार होतायत.”

माहीत होतं त्याला.

गिरीश नव्या कॉलनीतल्या स्विमिंग पूलवर बोलू लागला. मागे हिमानीने मान खाली घालून हॉर्न फिरवला आणि त्यातलं पाणी जमिनीवर सोडलं. दोन थेंब गिरीशच्या बुटावर उडाले.

“शी, थुंकी?”

“सॉरी, सॉरी,” म्हणत रवींद्र रुमाल काढून चक्क खाली वाकला आणि बूट पुसू लागला. लेकीच्या तोंडाकडे त्याने पाहिलंसुद्धा नाही.

रेणू स्टेजवर गेली. तिने गिरीशच्या हातातून माइक घेतला. “थुंकी नाही. श्वासातली वाफ नळीत निवते, त्याचं पाणी. दुसऱ्या भागाआधी ते काढावंच लागतं.” मग ती ऑर्केस्ट्राच्या सरांकडे वळली. “सर, प्लीज.”

संथ भाग सुरू झाला. बटाटेवड्यांचा वास येत होता, कोणीतरी खुर्ची सरकवत होतं. त्या सगळ्यातून हिमानीचे चार सूर वर आले. तिसरा जरासा थरथरला, चौथा नीट बसला.

रेणूने शेजारी पाहिलं. रवींद्रने फोन उंच धरला होता. “आपली आहे ती,” तो गिरीशला सांगत होता. दुसऱ्या हातात तो ओला रुमाल तसाच होता.

रेणू सरकून लांब उभी राहिली.